वैनगंगाकाठचे बालाघाट

गोंदियाहून निघालेली गाडी थोड्याच वेळात बालाघाटास पोचते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गोंदियासह भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस टिकल्या.

जटाशंकर त्रिवेदी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गजबजणाऱ्या या शहरास घाई कशी ती ठाऊक नाही. आम्ही सायंकाळी वैनगंगेच्या काठी बसलो, दुसऱ्या दिवशी डोंगरांच्या कुशीतील गांगुलपाऱ्याचा तलाव व धबधबा पाहिला आणि रात्री यजमानांकडे चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात वरण-तुपासह जेवलो. घरभर दरवळ सुटला होता!

या तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याचे उत्पन्न कमी, म्हणून अनेक शेतकरी संकरित वाणांकडे वळले होते. ज्यांनी घरापुरता का होईना, तो लावणे सोडले नाही, त्यांच्यामुळेच बियाणे उरले.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठीचेही असेच नाही काय? मुलांच्या शाळेचे माध्यम हिंदी असणारच. परंतु जेवणाच्या पानावर तरी आपण त्यांच्याशी मराठीतच बोलत राहिलो, तर हे बियाणे पुढल्या पिढीच्या हाती सुखरूप पडेल.