मलकापूरचा आंबट शोरबा

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ, बोदवड मागे टाकून विदर्भात शिरते, तेव्हा लागणारं पहिलं मोठं स्टेशन म्हणजे मलकापूर. बुलढाणा जिल्ह्याची माणसं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगराखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत वसलेलं आमचं गाव घाटाखालचं. नळगंगा गावाजवळून वाहते, हमरस्ता कोलकात्यापर्यंत जातो, आणि कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग लागते.

अशा वाटेवरच्या गावाचा स्वयंपाक एकाच चवीचा राहत नाही. उत्तरेला फारुकी सुलतानांचं बुऱ्हाणपूर आहे. दक्षिणेला हैदराबाद, ज्याच्या निजामाकडून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. त्यामुळे आमच्या घरांत खट्टी दाल आणि दालचा जितका आपला, तितकीच अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरीही आपली. पावसाळ्यानंतर बाजारात अंबाडीच्या जुड्या येतात, पाठोपाठ चुका येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी चिंच येते. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत भरली की वर्षाची बेगमी झाली. घाटाखालचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना जेवणात आंबट का लागतं हे सांगावं लागत नाही.

म्हणूनच फिलिपाइन्समधला एक आंबट शोरबा आमच्या घरी आला तेव्हा तो फार परका वाटला नाही. त्याचं नाव सिनिगांग. तिथल्या तागालोग भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच, की शिजवलेलं, उकळलेलं. हा शोरबा आणला माझ्या भाच्याने. तो काही वर्षं आखातातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. खोलीत सहा जण राहत. त्यातला एक मिंदानाव बेटावरचा मुसलमान होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद, पगार अर्धा आणि बाहेर पडायला मनाई. त्या दिवसांत या मित्राने एका पातेल्यात खोलीतल्या सगळ्यांना जेवू घातलं. मांस थोडं, भाज्या जास्त आणि पाणी भरपूर. भाचा सांगतो, "मामू, घरची आठवण आली की आम्ही चिंच शोधायचो. तोही आणि मीही."

चिंच या शब्दातही एक प्रवास आहे. अरबी व्यापाऱ्यांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटलं, म्हणजे हिंदचा खजूर. इंग्रजी नाव त्यावरूनच आलं. झाड मात्र मुळात आफ्रिकेतलं. आफ्रिकेचं झाड, अरबी नाव, हिंदची ओळख आणि फिलिपाइन्सचा शोरबा. मग कोणी कोणाला परकं म्हणायचं?

भाच्याने पहिल्यांदा हा शोरबा केला तेव्हा माझ्या अम्मीने पातेल्यात डोकावून एकच प्रश्न विचारला, "बेटा, ये हलाल तो है ना?" प्रश्न अगदी रास्त होता. फिलिपाइन्समध्ये बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि तिथे सिनिगांग बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा करतात. पण पदार्थाचं नाव हलाल किंवा हराम नसतं, त्यात काय पडतं ते पाहायचं असतं. तिथले मुसलमान हाच शोरबा हलाल मांसाचा किंवा मासळीचा करतात. त्यांचा इतिहासही जुना आहे. स्पॅनिश लोकांनी 1571 मध्ये मनिला घेतलं, तेव्हा तिथे राजा सुलेमान नावाचा मुस्लिम सरदार राज्य करत होता. आपल्या मुलांना शाळेत फिलिपाइन्स नकाशावर दाखवतो, तेव्हा एवढं तरी सांगायला हवं.

तिथे झिंग्यांचा सिनिगांगही होतो. झिंग्यांबद्दल हनफी उलेमांमध्ये मतभेद आहेत. शाफई मसलकाचे आपले कोकणी भाऊ मात्र ते निःसंकोच खातात. आमच्याकडे तो प्रश्नच आला नाही, कारण मलकापूरच्या बाजारात मिळते ती रोहू आणि कटला.

आता कृती. पाच-सहा माणसांसाठी हाडासह अर्धा किलो मटण घ्यावं. तांदूळ धुतल्याचं पहिलं पाणी टाकून द्यावं आणि दुसरं धुवण राखून ठेवावं. तिथेही शोरब्याला असंच धुवण वापरतात, त्याने रस्सा किंचित दाट होतो. साधारण दीड लिटर धुवणात मटण, दोन कांद्यांचे मोठे तुकडे आणि दोन टोमॅटो घालून मंद आचेवर मटण मऊ होईपर्यंत शिजवावं. वर येणारा फेस काढत राहावा. मग सोललेल्या चार अरव्या आणि एका मुळ्याच्या चकत्या टाकाव्यात.

चिंच मात्र घाई करून घालू नये. आंबट आधी पडलं की भाज्या लवकर शिजत नाहीत. अरवी बोटाने दबू लागली की लिंबापेक्षा थोडी मोठी चिंच गरम पाण्यात कोळून, गाळून तो कोळ घालावा. अरवीची खाजही त्याने मोडते. नंतर बरबटीच्या शेंगा, दोन वांगी, सहा-सात अख्ख्या भेंड्या आणि तीन-चार जाड, कमी तिखट मिरच्या घालाव्यात. शेवटी मूठभर पालक घालून लगेच आच बंद करावी. हंगाम असेल तर पालकाऐवजी अंबाडी घ्यावी आणि चिंच निम्मी करावी. तिकडे खारटपणासाठी मासळी मुरवून केलेलं ‘पातिस’ घालतात, आपल्याला साधं मीठ पुरे. रोहू घ्यायची असेल तर तुकडे सर्वांत शेवटी टाकावेत, सात-आठ मिनिटांत होतात. भांडं स्टीलचं किंवा मातीचं असावं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात हे कळकतं. आणि सोबत भातच हवा.

यात तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही. आपल्या हाताला हे जड जातं. पण फोडणी दिली की खट्टी दालच आठवते आणि मुळ्या-वांग्याची स्वतःची चव हरवते. फिलिपाइन्समध्ये आंबटासाठी एकाच फळाचा आग्रह नाही. कुठे चिंच, कुठे कच्चा आंबा, कुठे पेरू, तर कुठे कोकणात मिळतं तसं बिंबल. ज्याच्या अंगणात जे आंबट, ते त्याने घालावं. म्हणून मलकापूरच्या चिंचेचा आणि अंबाडीचा सिनिगांग ही नक्कल ठरत नाही, तो त्या पदार्थाच्या रीतीलाच धरून आहे. आता तिकडच्या शहरांत आंबट पूड पाकिटातही मिळते. आपल्याकडेही मसाल्यांचं तेच झालं आहे. बरणीत चिंच असताना पाकिटाची गरज नाही.

मला या पातेल्याचं मोल वाटतं ते आणखी एका कारणाने. नबी (सल्ल.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना शोरबा करताना पाणी वाढवण्याची आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवण्याची ताकीद दिली होती. या शोरब्यात ते सहज जमतं. पूर्वी आमच्या गल्लीत वाट्यांची ये-जा रोज चाले. समोरच्या काकूंकडून अंबाडीची भाजी यायची, आमच्याकडून ईदला शिरखुर्मा जायचा, आणि वाटी रिकामी परत करायची नाही हा दोन्ही घरांचा नियम होता. अलीकडे दारं लवकर बंद होतात. मोबाइलवर काहीबाही वाचून माणसं एकमेकांच्या ताटाकडे संशयाने पाहू लागली आहेत. भांडण कोणाशीच झालेलं नाही, पण वाट्या कमी झाल्या आहेत.

म्हणून आमच्याकडे हल्ली दोन पातेली चढतात. एक मटणाचं. दुसरं वेगळ्या, फक्त भाज्यांसाठी ठेवलेल्या भांड्यात, वेगळ्या पळीने केलेलं, ज्यात धुवण, चिंच आणि भाज्या एवढंच असतं. काकू शाकाहारी आहेत. त्यांना काय चालतं हे विचारून, त्यांच्या देखत सांगून द्यायचं. अम्मीने हलालबद्दल विचारलं तेव्हा तिच्या मनात जी काळजी होती, तीच काळजी त्यांच्या मनात असू शकते. पहिल्यांदा वाटी दिली तेव्हा चव घेऊन काकू म्हणाल्या, "सर, याले फोडणी द्याची राह्यली का?" दोन दिवसांनी वाटी परत आली. तिच्यात ताज्या अंबाडीची भाजी होती, वर लसणाची चरचरीत फोडणी दिलेली.