शेवटचं कडवं

मागच्या वैशाखात रोह्याजवळच्या एका हळदीला गेलो होतो. गायला नव्हे, जेवायला. डीजेवाल्या पोराने एक गाणं लावलं आणि अख्खा मांडव उठून नाचायला लागला. गाणं माझं होतं. शब्द माझे, चाल माझी (चालीचं पुढे सांगतो), आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा. दोन कडवी झाली न झाली तोच पोराने पुढचं गाणं लावलं. शेजारी नवऱ्याचे मामा पानाला चुना लावत बसले होते. त्यांना सहज विचारलं, “मामा, हे गाणं कुणाचं हो?” मामा म्हणाले, “कुनाचा म्हंजे? यो गाना आमचे आजीचे येलचा हाय.”

राग आला, नाही असं नाही. पण त्याच्या खालोखाल एक गुदगुलीही झाली. आपल्या हयातीत आपलं गाणं कुणाच्या तरी आजीचं व्हावं, हे काय थोडं आहे? आणि मामांची चूक नव्हतीच. माझं नाव चौथ्या कडव्यात होतं, तिथवर गाणं पोचलंच नाही.

मी बाल्या नाचात वाढलो. मधे शाहीर, मृदुंगवाला आणि झांजवाले बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेल्या पोरांचा फेर. गणपतीत घरोघर जायचं, आणि शक्ती-तुऱ्याचा सामना ठरला की रात्र उजाडेपर्यंत बसायचं. माझ्या गुरूंनी मला गण, गवळण काही शिकवायच्या आधी शेवटचं कडवं बांधायला शिकवलं. त्यात आधी गुरूचं नाव, मग गावाचं, मग आपलं. तेही कोंबायचं नाही, यमकात बसवायचं. “नाव उपटलं तर कडवं कोसळलं पायजे,” ते म्हणायचे. म्हणजे चोराला नाव काढता येत नाही, फार तर आपलं बसवून बघता येतं, आणि मात्रा चुकल्या की समोरचा शाहीर तिथल्या तिथे पकडतो. तुकोबांपासून पेशवाईतल्या शाहिरांपर्यंत सगळ्यांनी हीच युक्ती केली. होनाजी बाळा हे तर दोघांचं नाव, होनाजी रचणारा आणि बाळा गाणारा. रचणाऱ्याच्या नावाला गाणाऱ्याचं नाव कायमचं चिकटलं. मी दोन्ही कामं एकटाच करतो, तरी माझं एक नाव टिकेना!

गाण्यावर घर चालतं का, असं लोक विचारतात. चालत नाही, म्हणून मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसतो. डोळ्यांची आखणी म्हणजे श्वास धरून करायचं काम. बुबुळाची रेघ केसभर हलली की देव तिरळा. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे काम श्रावणापर्यंत पुरतं, पुढे गणपती, नवरात्र, मग लगीनसराई आणि शिमगा. मूर्ती मुंबई-पुण्याला जाते, थेट परदेशात जाते. तिला ‘पेणची मूर्ती’ म्हणतात. डोळे कुणी आखले, हे तिच्या पाठीवर लिहिलेलं नसतं. या गोष्टीचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि गाण्याचं मात्र वाटतं. असं का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

गाणी होतात गाडीत. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. एवढ्या प्रवासात धृपद झालं तर झालं, नाहीतर येताना. हल्ली मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवतो. पूर्वी तिकिटामागे लिहायचो, आणि रोह्याला उतरताना तिकीट गोळा करणारा उभा असला की ओळ गेली.

कॅसेटच्या काळात मुंबईच्या एका कंपनीने माझी आठ गाणी एकरकमी घेतली. कागद एक पानी, मुदत लिहिलेली नाही, सही मात्र तीन ठिकाणी. मोठा स्टुडिओ, काचेपलीकडचा माणूस हाताने खुणा करतोय, आणि वेळ संपत आली म्हणून त्याने सांगितलं, “शाहीर, चौथं कडवं सोडा.” मी सोडलं. त्या दिवशी मी विकलं ते गाणं नव्हे, ते कडवं. गाणं लोकांनी घेतलंच असतं.

कायदा मी फार उशिरा वाचला. करारात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही, कागदावर लिहून दिला तरी. शब्दांवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं राहतो. आमच्या फडातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. वृत्त चुकलं तर आम्ही रात्रभर भांडायचो आणि करार न वाचता सही ठोकायचो.

आता चालीचं. त्या हळदीच्या गाण्याची चाल माझी आहे, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आमच्या आगरी वस्तीत लग्नाला धवलारीण येते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या धवल्यांवर चालतात. माझी चुलत आजी धवलारीण होती. मिळायचं काय, तर लुगडं, नारळ आणि तांदूळ. तिचा धवला सुरात फारसा वरखाली जायचा नाही, एका जागी उभ्या असलेल्या खाडीच्या पाण्यासारखा हलायचा. मी तिची लय दुप्पट केली, खाली ढोलकी दिली, मधे एक वळण घातलं. वळण माझं. धवला हा मराठीतला फार जुना प्रकार, तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले आणि तिचं नाव आज पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या आजीने मात्र गाण्यात नाव कधी घातलंच नाही. तिला चौथं कडवंच नव्हतं. म्हणजे मामा तसे अगदीच खोटं बोलले नाहीत. गाणं आजीच्या वेळचंच होतं. आजी फक्त त्यांची नव्हती, माझी होती.

गेल्या वर्षीपासून मी रचना बदलली आहे. नाव पहिल्याच कडव्यात घालतो. गुरू असते तर म्हणाले असते, वरातीआधी पंगत उठवलीस. असो. मोबाईलवर गाणं तीस सेकंद टिकतं, त्यात बसायचं तर पुढच्या बाकावरच बसलं पाहिजे. नव्या गाण्यात माझ्या नावाआधी आजीचं नाव आहे. दोन मात्रा जास्त होतात, त्या मी ओढून घेतो.

तुमच्या घरी हळद असेल तर डीजेवाल्या पोराला एवढंच सांगा, एक तरी गाणं शेवटपर्यंत वाजू दे.