पाण्याची वाट

नाना पेठेत आमचं दुकान आहे. रिक्षाचे हूड, जीपचे टप, सीटकव्हर ही आमची कामं. दुकान वडिलांनी टाकलं. १९८७ साली दहावी झाल्यावर मी मशीनवर बसलो, तो आजतागायत तिथंच आहे. गाडीच्या डोक्यावरचं कापड हा माझ्या पोटापाण्याचा विषय. पण एखादा टप आपला आपण उठतो, घडी होतो आणि डिकीत जाऊन बसतो, हे मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा हात लावून पाहिलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभात रोडवरच्या एका डॉक्टर बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांच्या जीपचं हूड मी पूर्वी शिवलं होतं.

"काका, माझ्या गाडीचा टप अर्धा उघडून अडकलाय. डिकीत पाणी शिरलंय. येऊन बघाल का?"

गाडी कुठली, विचारलं. मर्सिडीज सी ३०० कॅब्रिओले.

"मॅडम, हे माझं काम नाही," मी म्हणालो. "मी रिक्षा-जीपवाला माणूस."

"टप कापडाचाच आहे हो. एका ठिकाणी दाखवला, तर ते सगळा टपच बदला म्हणतात. तुम्ही निदान कापड बघून सांगा."

कापडाचं नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना. शेजारच्या गल्लीतला वायरमन दोस्त बरोबर घेतला आणि गेलो.

गाडी बंगल्याच्या आवारात रेन ट्रीखाली उभी होती. गडद निळा रंग, काळा टप. मागचं झाकण उभं आणि टप मधल्यामध्ये थांबलेला, एखाद्या माणसानं छत्री उघडता उघडता हात आखडावा तसा. आधी मी कापड पाहिलं. बोटांनी कडेकडेनं चाचपलं, शिवणी ताणून पाहिल्या, आत डोकं घालून अस्तर पाहिलं. अस्तर कोरडं ठणठणीत. कापड कुठंही फाटलेलं नाही, शिवणीतून एक थेंब आलेला नाही. मग डिकीत पाणी आलं कुठून?

वडिलांची एक पद्धत होती. रिक्षाला नवा हूड चढवला की ते मला आत बसवायचे आणि वरून बादली ओतायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. आत बसून कुठं गळतंय ते ओरडून सांगायचं, हे माझं काम. शिवणीतून क्वचितच गळायचं, कारण दोऱ्याला ते मेण लावायचे. गळायचं ते दोन कमानींच्या मधे, जिथं रेक्झिन सैल राहून हूडला पोट सुटायचं तिथं. पोटात पाणी साचतं, साचलेलं पाणी जड होतं, आणि एक दिवस तिथंच फाटतं. "पाणी अडवायच्या नादाला लागू नकोस," ते म्हणायचे, "त्याला वाट दे." कमान अर्धा इंच वर घेतली, कापड ताणून बांधलं, की पाणी आपलं आपण घसरून जायचं.

म्हणून त्या दिवशी मी डॉक्टर बाईंना पहिला प्रश्न विचारला तो हा, की टपावर पडलेलं पाणी जातं कुठं?

टप मिटून ज्या खोलगट जागेत जातो, तिच्या दोन्ही अंगांना पन्हळ असते. तिथून पाणी नळीवाटे गाडीच्या पोटाखाली उतरतं. मी बॅटरी मारली तर पन्हळ दिसेचना. रेन ट्रीची बारीक पानं आणि गुलाबी तुरे कुजून त्याचा काळा चिखल झालेला, वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. चहाच्याच चमच्यानं तो काढायला बसलो. दोन्ही बाजूंचा मिळून अर्धी पाटी निघाला. त्याखाली नळीचं तोंड, बोटभर रुंदीचं, गच्च बसलेलं. वाट बंद झाली तेव्हा पाणी काठावरून आत वळलं, डिकीत उतरलं, आणि तिथल्या वायरिंगच्या एका जोडात ओल गेली. दोष गाडीचा नव्हता, कापडाचा नव्हता. दोन पावसाळे झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीची पन्हळ कुणी उघडून पाहिली नव्हती, एवढंच.

वायरमननं मला हवेचं प्रेशर मारू दिलं नाही. नळी आतल्या आत जोडातून निसटली तर सगळं अंग उघडावं लागेल, म्हणाला. मग जाड तंगूस आणली, तिचं टोक लायटरवर गोल करून घेतलं आणि हळूहळू फिरवत आत सोडली. हाताला अडथळा लागायचा, थोडी मागे घ्यायची, पुन्हा सारायची. वीसेक मिनिटांनी ती एकदम सैल झाली. वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि मागच्या चाकाजवळून काळी धार फरशीवर आली. मला माझ्या वडिलांची बादली आठवली.

जोड सुकवून, साफ करून बसवायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत हा टप चालतो कसा, ते मी वायरमनकडून समजून घेतलं. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलतो, तेच तत्त्व. विजेवर चालणारा पंप तेल ढकलतो, बारीक नळ्यांतून ते सिलिंडरांत जातं, सिलिंडर टपाच्या पट्ट्या हलवतात. बटण दाबलं की आधी काचा खाली येतात. मागचं झाकण उचललं जातं. पुढच्या काचेच्या चौकटीत अडकलेली पकड सुटते. टप उठतो, घडी घालत मागे जातो, झाकण त्याच्यावर बसतं. सगळं मिळून २० सेकंद, आणि गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आत चालत असली तरी हे होतं. प्रत्येक टप्पा पुरा झाला की सेन्सर तसं कळवतो, मगच पुढचं पाऊल. एकाकडून जरी निरोप आला नाही तरी काम आहे तिथं थांबतं. डिकीत सामान आणि टप यांच्यामधला पडदा जागेवर नसेल तरी टप हलत नाही, नाहीतर खालच्या बॅगेवर येऊन आदळेल. बाईंचा टप अर्ध्यावर थांबला तो बिघडून नव्हे. निरोप पोचला नाही म्हणून त्यानं स्वतःला सावरून धरलं होतं. हे कळल्यावर त्या यंत्राबद्दल मला आदर वाटला.

कापडाबद्दल तर वाटलाच. बाहेर घट्ट विणीचं कापड, त्याखाली रबराचा थर, मग आवाज आणि ऊन अडवणारा जाड थर, आणि आतून अस्तर. जीपच्या हूडला आम्ही मागे प्लॅस्टिकची खिडकी शिवायचो, दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडायची. इथं टपात खरी काच बसवलेली, आणि तिच्यावरचं दव घालवायला गरम होणाऱ्या तारा.

आमच्या आळीतला एक मुलगा चाकणच्या मर्सिडीजच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी दुकानात आला तेव्हा त्याला विचारलं, ही गाडी तुमच्याकडेच बनते का? तो म्हणाला, नाही. कंपनी पुण्यात १९९५ पासून गाड्या बांधते, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणला. पण हे मॉडेल जर्मनीतून, ब्रेमेनच्या कारखान्यातून, तयारच आलं. बाईंची गाडी २०१८ च्या ऑक्टोबरात इथं आलेल्या मॉडेलची, तेव्हाची शोरूमची किंमत ६५ लाख २५ हजार. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना.

"काका, पण इंजिन यातली सोपी गोष्ट," तो म्हणाला. "अवघड आहे ती बॉडी. मिठाईच्या खोक्याचं झाकण काढा आणि दोन कोपरे धरून पिळा. लगेच वाकडं होतं ना? टप कापला की गाडीचं तसंच होतं." म्हणून अशा गाडीला खालून आडवे-तिरपे आधार देतात, दारांखालची चौकट भक्कम करतात, पुढच्या काचेचे खांब मजबूत करतात. मागच्या सीटच्या डोक्यांमागे लपलेल्या कमानी असतात. गाडी उलटायला लागली की त्या क्षणात वर येतात. कापडाचा टप पत्र्यापेक्षा हलका असून उघडी गाडी बंद गाडीपेक्षा वजनाला जास्त भरते, ती यामुळे. चाळीस वर्षं गाड्यांना छप्पर शिवतोय मी. छप्पर गाडीचं अंग धरून ठेवतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बटण दाबलं. झाकण हललं, टप उठला, मागे गेला, मिटला. आम्ही तिघं काही न बोलता बघत होतो. पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. मग बाई आत गेल्या आणि आमच्यासाठी स्वतः चहा घेऊन आल्या. यजमान गेल्यावर ही गाडी त्यांनी एकटीनं घेतलेली. जीपचं हूड खाली पाडून दोघं पानशेतला जायचे, म्हणाल्या, उघड्या गाडीची सवय तेव्हाची.

ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर त्यांनी मला आणि माझ्या मुलीला बोलावून घेतलं. संध्याकाळी येवलेवाडीवरून बोपदेव घाटाच्या दिशेनं निघालो. रहदारी सुटल्यावर बाईंनी वेग कमी केला आणि चालत्या गाडीत टप उघडला. आधी आवाज बदलला. रातकिडे, मागून येणारी दुचाकी, रस्त्याकडेच्या टपरीतला रेडिओ, सगळं जवळ आलं. मग ओल्या गवताचा वास. वाऱ्यानं केस तोंडावर येतील म्हणून मुलीनं ओढणी घट्ट बांधली होती, पण पुढच्या काचेच्या वरच्या कडेला एक पट्टी उभी राहिली, मागे जाळी होती, आणि वारा डोक्यावरून निघून गेला. घाटात गारठा जाणवायला लागला तशी सीटमधून मानेवर ऊब यायला लागली. वर पोचलो तर खाली पुण्याचे दिवे लागलेले आणि डोक्यावर मोकळं आभाळ. आयुष्यभर मी माणसांच्या आणि आभाळाच्या मधे कापड ताणत आलो. ते बाजूला सारण्यासाठी कुणी इतकी मेहनत का घ्यावी, हे तिथं बसल्यावर मला उमगलं.

त्यानंतर अशा आणखी तीन गाड्या माझ्याकडे आल्या. प्रत्येकाला मी तेच सांगतो. टप ओला असताना मिटून ठेवू नका, घडीत बुरशी धरते. डाग काढायला पेट्रोल किंवा रॉकेल लावू नका, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. धुताना जोराचा फवारा कडांवर मारू नका. आणि भांडारकर रोड, प्रभात रोड, कोरेगाव पार्क असल्या झाडांच्या भागात राहत असाल, तर मे महिना संपायच्या आत पन्हळ उघडून बघा. पुण्यातली झाडं तोडायची नाहीत आणि गाडीही झाकून ठेवायची नाही. वर्षातून दोनदा अर्धा तास द्यायचा.

या वर्षी मेच्या शेवटी बाईंकडे गेलो तेव्हा मुलगी बरोबर होती. ती आता दुकानात मशीनवर बसते. चमच्यानं पानं तिनंच काढली, तंगूसही तिनंच सोडली. मी तांब्या घेऊन वर उभा राहिलो आणि ती मागच्या चाकापाशी फरशीवर उकिडवी बसली. मी पाणी ओतलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून तिचा आवाज आला, "आलं, बाबा. स्वच्छ आलं."

मी दुसरी बाजू ओतायला वळलो.