पर्जन्यवृक्षाच्या सावलीतील तपासणी

पुण्यातील प्रभात रस्त्याला ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून नाव मिळाले, ती १९३३ साली कोल्हापूरहून येथे आली. चित्रपटांचे ते दिवस सरले. रस्त्यावरची झाडे मात्र आपापल्या ऋतूंचे वेळापत्रक पाळत उभी आहेत. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, जुन्या बंगल्यांची कुंपणे आणि जवळच कमला नेहरू उद्यान असा हा परिसर ज्येष्ठांच्या पायांना मानवणारा आहे. आपण येथे राहत नसाल, तरी यांपैकी एखादे झाड आपल्याही गल्लीत असेलच.

‘रोज किती पावले चालू?’ असा प्रश्न वैद्यकीय व्यवसायात मला नित्य विचारला जातो. पावलांना महत्त्व आहेच. पण केवळ आकड्यासाठी चालणारा माणूस लवकर कंटाळतो आणि एकदा घरात बसला की पुन्हा बाहेर पडत नाही. म्हणून वाचकहो, फिरताना रोज एक झाड वा एक पक्षी नीट पाहावा, असे मी सुचवितो. सोबत मुलगा, सून किंवा मदतनीस असेल, तर तीच एक साधी तपासणीही ठरते.

प्रथम कानांचे पाहू. माघ-फाल्गुनात तांबट पक्ष्याची ठोके घातल्यासारखी ‘टुक टुक’ सुरू होते. शिंजिराचा आवाज त्याहून पुष्कळ बारीक असतो. वयोमानाने श्रवणशक्ती उणावते, ती प्रथम अशा उंच पट्टीतील आवाजांसाठी. आजोबांना तांबट ऐकू येतो, पण कुंपणावरच्या जास्वंदीतील शिंजीर ऐकू येत नाही, असे आढळल्यास कानांची तपासणी करून घ्यावी. घरातील नातवंडांचे बोलणे निसटू लागण्यापूर्वी हे कळलेले बरे.

आता डोळे. पावसाळ्यानंतर बुचाच्या झाडाखाली लांब देठांच्या शुभ्र फुलांचा सडा पडतो. ती फुले आजींना मळकट, पिवळसर दिसत असतील, उन्हात डोळे दिपत असतील, तर मोतिबिंदूची शंका घ्यावी. त्याच फुलांचा मंद सुवास येईनासा झाला तर? सर्दीने काही दिवस असे होते. परंतु सर्दी नसताना गंध दीर्घकाळ हरपला, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. काही जणांमध्ये कंपवाताच्या कितीतरी आधी हे लक्षण दिसते.

चालता चालता ‘हे झाड कोणते?’ असे सहज विचारावे. उत्तर देण्यासाठी ज्येष्ठ व्यक्तीला दर वेळी पाय थांबवावे लागत असतील, तर तोल सांभाळण्यातच तिचे सारे लक्ष खर्ची पडत आहे, असे समजावे. अशा व्यक्तीस पडण्याचा धोका अधिक असतो. तिला घरी बसविणे हा त्यावरील उपाय नव्हे. हातात काठी, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि चालू औषधांची फेरतपासणी, हे उपाय होत.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. चालताना वर पाहू नये. आधी थांबावे, भिंतीला किंवा सोबत्याच्या खांद्याला हात टेकावा आणि मगच मान वर करावी. मुळांनी उचललेल्या फरश्या, पावसातील शेवाळ आणि उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाखाली पडणाऱ्या चिकट शेंगा यांवरून पाय घसरतो. दुसरे असे की, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत ऊन पडल्यावरच बाहेर पडावे.

हा पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिका खंडातील. आता मात्र पुरता आपला झाला आहे. सायंकाळी त्याची पाने हळूहळू मिटतात आणि दाट छत्री विरळ होऊन तीतून आकाश दिसू लागते. ज्यांच्या घरी कोणी आजारपणानंतर किंवा जोडीदाराच्या वियोगानंतर उंबरठ्याबाहेर पडेनासे झाले असेल, त्यांनी ‘चला, व्यायामाला’ असा आग्रह धरण्याऐवजी ‘चला, पाने मिटताना पाहू’ असे म्हणून पाहावे. प्रथम फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. पाने मिटली की घरी परतण्याची वेळ झाली, हे सांगायला घड्याळाचीही गरज पडत नाही.