पूर्वेचा समुद्र

डॉकयार्ड रोड स्टेशनला लागून माझगावच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तिथल्या बाकावर बसलं की गोदीतल्या क्रेन आणि जहाजं नजरेच्या टप्प्यात असतात. पाणी समोर दिसतं, पण खाली उतरून तिथवर चालत जाता येत नाही. मध्ये पी. डिमेलो रोडवरची अवजड वाहनं आणि गोदीची भिंत. माझगाव-शिवडीची कुटुंबं समुद्र बघायला गिरगाव चौपाटीवर जातात. शहररचनेत काम करताना मला ही गोष्ट सतत सलते.

नव्या किनाऱ्याची चर्चा निघाली की आधी लांबी विचारली जाते. मरीन ड्राइव्हची लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पण तो लोकांचा झाला तो चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही स्टेशनं चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे. कट्ट्यावर ऐसपैस मांडी घालून बसता येतं. तिकीट नाही, फाटक नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. कोस्टल रोडलगतचा पदपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, याचा मला आनंदच आहे. तरीही वस्ती आणि पाणी यांच्यामध्ये आठ पदरी रस्ता आहे आणि तिथे पोचायला भुयारी मार्ग शोधावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजी तिथे एकट्या जाऊ शकतात का, हे मी आधी बघतो.

पूर्वेला संधी मोठी आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदराची कंटेनर वाहतूक हळूहळू तिकडे वळली. बंदराच्या जमिनीचं काय करावं, यावर राणी जाधव समितीनेही २०१४ मध्ये अहवाल दिला. माझं म्हणणं एवढंच की सलग भव्य किनाऱ्याची वाट बघू नये. रे रोड, कॉटन ग्रीन अशा हार्बरच्या स्टेशनांपासून पूर्वेकडे झाडांच्या सावलीतला एकेक सपाट पदपथ काढावा आणि तो पाण्याशी रुंद पायऱ्यांवर संपावा.

या पायऱ्यांचं गणित नाजूक असतं. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. भरतीच्या रेषेखालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. म्हणून बसायच्या पायऱ्या त्या रेषेच्या वर हव्यात आणि खाली उतरणाऱ्याच्या हाताला पक्का कठडा लागावा.

शिवडीच्या चिखलात मात्र काही बांधू नये. तो रोहित पक्ष्यांच्या चरण्याचा पट्टा आहे. माणसांनी धक्क्यावरूनच बघावं. कोळ्यांची जाळी आणि मासळी सुकवायची जागाही फिरायला येणाऱ्यांसाठी हलवता कामा नये.

सुरुवात भाऊच्या धक्क्यापासून करता येईल. रेवस, मोरा, मांडव्याला जाणारी माणसं तिथे रोज पाण्यापर्यंत पोचतातच. मासळीच्या हातगाड्यांची वाट वेगळी ठेवावी, सावली करावी, स्वच्छतागृह बांधावं, आणि ज्याला बोट पकडायची नाही त्यालाही संध्याकाळी तासभर बसू द्यावं.