भूजलाच्या बक्षिसानिमित्त

चि. मनीस,


भूजलावरच्या तुझ्या प्रकल्पाला विद्यार्थी संशोधन पुरस्कार मिळाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि मी ते गल्लीभर सांगत सुटलो. मोटर चालू करायची, दर काही मिनिटांनी पातळी टिपायची, मोटर बंद झाल्यावर विहीर किती वेळात भरते ते रात्र जागून पाहायचं. असं काठावर बसून राहणाऱ्या पोरांचं कौतुक होतंय, याचा मला फार आनंद आहे. धरणातलं पाणी सगळ्यांना दिसतं. जमिनीखालचं कुणीतरी मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि आपल्याकडे ते मोजणं अवघड. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग बेसॉल्टचा. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा-सांधे, एवढ्यातच काय ते पाणी. सरकारी हिशेबात अशा खडकाची पाणी देण्याची क्षमता साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे पूर्ण भिजलेल्या एक घनमीटर खडकातून 20 लिटर. त्यातही एका शेतात पाणी लागतं आणि बांधापलीकडे कोरडा कातळ. आंरी दार्सी यांनी 1856 मध्ये दिजाँ शहरातल्या प्रयोगांवरून पाणी झिरपण्याचा जो नियम मांडला, तोच तू वापरतेस. पण त्यांच्या नळकांड्यातली वाळू सगळीकडे सारखी होती, आपला कातळ तसा नाही. म्हणून एका गावाचा आकडा शेजारच्या गावाला लावताना दहादा विचार कर.

पुरस्कार देणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे, तूही ते लावून धर. विद्यार्थ्यांचं काम बहुतेक एका वर्षात आटपतं. एका पावसाळ्यात विहिरीचा स्वभाव कळत नाही, दुष्काळाचं वर्षही नोंदीत यायला हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. मधल्या महिन्यांतली उतरण जवळच्या कॉलेजातली मुलं सहज टिपू शकतील. त्याच विहिरी पाच-सात वर्षं मोजणाऱ्या, एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे वही सोपवणाऱ्या विद्यार्थ्यांना पुरस्कार का नसावा? त्यात नवा सिद्धांत नसेल, देखणं पोस्टर नसेल. तरी मला ते काम मोठं वाटतं.

आणखी एक. तुझे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत मांड. हिवरे बाजार गावात पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. तुझ्या गावातही रब्बीला कांदा घ्यायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे दिवाळीच्या आसपास ठरतं. त्याआधी तुझा आलेख लोकांच्या हातात पडला पाहिजे. ज्या आजींनी तुला रात्रभर विहिरीवर बसू दिलं, त्यांना तर तो घरी जाऊन समजावून सांग.

जानेवारीच्या मोजणीला मीही येतो. कोरड्या पडलेल्या विहिरी यादीतून काढू नकोस. त्या कधी आटल्या, हे त्यांच्या मालकांना आपण विचारू.

तुझा
मामा