उभ्या उभ्या जळालेली मोटर

मोटर जळते म्हणजे तिच्यातलं नेमकं काय जळतं, हे आमच्या रोबोटिक्सच्या टीममध्ये कुणी सांगेना. उग्र वास सुटायचा, सीनियर "गेली!" म्हणायचे, जुनी मोटर डब्यात जायची आणि रोबोला नवी लागायची. तो भरलेला डबा बघून मला वाटायचं, या मोटरी मुळात अर्धमेल्याच विकत असतील. मी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला. माझं काम स्पॅनर देणं, वायर धरणं आणि चहा सांगणं.

मोटर घरच्यांना नवी नाही. बाबा मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका गाळ्यावर दिवाणजी आहेत. त्या भागातल्या चक्क्यांच्या मोटरी माझ्या जन्माआधीपासून घरघरताहेत. मग आमचीच तीन मिनिटांच्या सामन्यात का मरते?

सामना म्हणजे रोबोकॉन. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात, बालेवाडीला, २००८ आणि २०१४ मध्ये झाली. २००८चा विषय चक्क दहीहंडी होता. २०१४ला आई-बापासारख्या एका रोबोने बाळ रोबोला उचलून सी-सॉवर, झोक्यावर न्यायचं होतं. त्या वर्षांच्या गोष्टी सीनियर अशा सांगतात की ते स्वतः तिथे होते असं वाटावं; होते शाळेत.

डब्यातल्या दोन-तीन मोटरी पिशवीत टाकून मी यार्डाजवळच्या एका रिवायंडिंगवाल्या काकांकडे गेले. दुकानात पाण्याच्या पंपांची रांग, वार्निशचा वास, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं. काकांनी आमची मोटर तळहातावर घेतली आणि हसले. "एवढीशी? ही रिवाइंड नाय होत पोरी, नवीन घे. पण थांब, उघडून बघू."

मागचं झाकण निघालं. कार्बन ब्रश अजून लांब होते, म्हणजे मोटर झिजून गेलेली नव्हती. मग त्यांनी आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर ओढला. कार्बन ज्याच्यावर घासतात त्या गोल कम्युटेटरवर तांब्याच्या पट्ट्या लखलखीत होत्या, फक्त समोरासमोरच्या दोन जागा काळ्याकुट्ट. तिथल्या पट्ट्यांच्या कडा वितळून ओबडधोबड झालेल्या. काकांनी त्यावर नख फिरवलं. "फिरत जळाली असती तर सगळीकडनं सारखी काळी पडली असती. ही उभ्या उभ्या जळालीय. काय करत होती?"

आठवलं. हात वर उचलून रोबो थांबला होता, खालचा भाग जागेवर येईपर्यंत. मोटर हात तोलून धरत होती. फिरत नव्हती म्हणजे आराम करत होती, अशी आमची समजूत. उलट असतं. फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज तयार करते आणि ती बॅटरीला विरोध करते, म्हणून प्रवाह आटोक्यात राहतो. थांबली की हा विरोध संपतो. उरतो तो निव्वळ तारेचा रोध. काकांनी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या, पिनांचाच रोध किती ते पाहिलं, तो वजा केला आणि पिशवीतल्या दुसऱ्या, न जळालेल्या मोटरचा आकडा सांगितला: १.२ ओहम. आमची बॅटरी २४ व्होल्टची. पूर्ण दाब दिला तर २० अँपिअर. मोटरवर छापलेले होते ३. म्हणजे ४८० वॅट, आणि काम शून्य असल्याने सगळीच उष्णता, तीही मुठीत मावणाऱ्या डब्यात. तारेवरचं एनॅमल जळतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात. वास त्याचाच.

"चक्कीला स्टार्टर असतो," काका म्हणाले, "लोड झाला की ट्रिप. तुमच्याला काय हाय?" आमच्याला अख्ख्या रोबोला मिळून ३० अँपिअरचा एक फ्यूज होता. मोटर जळून खाक झाली तरी तो बिचारा शाबूत.

दुकानाच्या पायरीवर एक हमाल मामा तंबाखू मळत बसले होते, ते मध्येच बोलले. "पोतं घेऊन चालायला काय नाय लागत. गाडी सरळ लागेस्तोवर ते घेऊन उभं ऱ्हावं लागलं का मग जीव जातो." दोन पाठ्यपुस्तकं वाचून मला जे कळलं नसतं ते कळलं. आता २०१४च्या त्या रोबोंचं कौतुक वेगळं वाटतं: बाळाला उचलण्याइतकंच अधांतरी धरून ठेवणं अवघड गेलं असणार.

उरलेल्या मोटरींची चौकशी पटकन आटपली. एकीचा फक्त टाका तुटलेला. रोबोच्या थरथरीने वायर निघाली होती. दुसरीच्या शाफ्टवरचा ग्रब स्क्रू ढिला, त्यामुळे मोटर फिरायची आणि चाक जागेवर. दोघी ठणठणीत. आम्ही त्यांनाही मृत जाहीर केलं होतं! माझं ठाम मत झालंय की टीमला मोटरींपेक्षा एका चांगल्या मल्टिमीटरची आणि स्क्रू घट्ट धरणाऱ्या थोड्या लॉकटाइटची गरज आहे. सीनियरांना हे अजून पटलेलं नाही.

हात तोलून धरण्यावरचा काकांचा उपाय यार्डाला शोभेसा होता: ट्रकच्या वायपरची मोटर. तीही २४ व्होल्टची, आणि आत वर्म गिअर. मोटर गिअरला फिरवू शकते, पण गिअरच्या बाजूने ढकलून मोटर सहसा फिरत नाही. हात वर नेला, वीज बंद केली, तरी हात तिथेच. जुन्या बाजारात एक स्वस्तात मिळाली. लावून पाहिली, हात वर थांबला आणि मोटरीला हात लावला तर जेमतेम कोमट.

पण ती हळू आहे. आणि जड. नियमातल्या वजनात रोबो बसवायचा तर दुसरीकडून काहीतरी कापावं लागणार, आणि ते चाकांकडून कापायचं की सांगाड्यातून, यावरून काल रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये भांडण चाललं होतं.